बोलर हॅटवाला नेमका कोण? माग्रीतच्या एका आकृतीवरून झालेला वाद : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ब्रसेल्स आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा एक गट आहे. गणपती, दिवाळी, संक्रांत हे ठरलेलं असतंच. पण उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आले की त्यांच्यासाठी काहीतरी वेगळं करा, अशी मागणी दर वर्षी होते. त्या वर्षी ठरलं की रेने माग्रीत या बेल्जियन चित्रकारावर मराठीतून एक दिवस करायचा. सकाळी हॉलमध्ये पडद्यावर चित्रं पाहायची, दुपारी माग्रीत संग्रहालय आणि शेवटी झेट उपनगरातलं त्याचं जुनं घर. येणारी माणसं तिसेक, नऊ-दहा वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या आजी-आजोबांपर्यंत. बरोबर द्यायला एक मराठी पुस्तिका करायची होती, आणि तिचं काम माझ्याकडे आलं. इथे कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

विषय निवडताना कुणी फार विचार केला नव्हता. ब्रसेल्सच्या दुकानांत पिशव्यांवर, कपांवर, छत्र्यांवर तो दिसतोच: काळा किंवा करडा ओव्हरकोट, डोक्यावर गोल बोलर हॅट, चेहऱ्यापुढे हिरवं सफरचंद. मुलांना तो आवडतो, मोठ्यांना तो ओळखीचा वाटतो. म्हणून दिवसाचा विषयच तो माणूस ठेवला. माग्रीतनं त्याला इतक्या वेळा का काढलं असेल, हा प्रश्न घेऊन सगळ्यांनी चित्रं पाहावीत, एवढाच बेत होता.

पुस्तिकेचा पहिला खर्डा गटातल्या एका ताईंनी लिहून दिला. त्या मानसशास्त्र शिकवतात. दुसरी बाजू सांभाळायला होते सर: सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक, मुलीकडे उन्हाळ्यापुरते आलेले. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला पिढ्यान्‌पिढ्या मुलं बसवलेला माणूस. चित्र समोर आलं की ते आधी बराच वेळ काही बोलत नाहीत.

अडचण

ताईंचा खर्डा वाचायला सुंदर होता. सुरुवातच अशी: १९१२ साल, बेल्जियममधलं शातले गाव, सांब्र नदी. तेरा वर्षांच्या रेनेची आई रेजिना फेब्रुवारीतल्या एका रात्री घरातून नाहीशी होते आणि मार्चमध्ये तिचा मृतदेह नदीत सापडतो. तिनं जीव दिलेला असतो. मृतदेह बाहेर काढला तेव्हा तिचा रात्रीचा झगा चेहऱ्यावर गुंडाळलेला होता आणि मुलानं ते पाहिलं. पुढचं वाक्य होतं, ‘म्हणूनच माग्रीतच्या चित्रांतली माणसं चेहरा झाकून उभी असतात.’

खर्डा गटात फिरला आणि दोन दिशांनी हरकती आल्या.

पहिली हरकत दहा वर्षांच्या मुलीच्या आईची. सुट्टीच्या दिवशी मुलांना चित्रं दाखवायला नेताना पहिल्याच पानावर आत्महत्या कशाला, असं तिचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं.

दुसरी हरकत सरांची, आणि ती मला जास्त अवघड वाटली. त्यांनी खर्डा वाचून फोन केला. म्हणाले, “ताईंनी लिहिलंय ते खरं असेल-नसेल, मला माहीत नाही. पण हे वाचल्यावर माणूस चित्र बघणारच नाही. उत्तर आधीच हातात दिलंय. सफरचंद दिसलं की म्हणणार, हां, आईचा झगा. संपलं.”

ताईंना हे पटेना. “सर, माणसाच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट बाजूला ठेवून त्याचं चित्र बघायचं, हासुद्धा एक खोटेपणाच आहे,” त्या म्हणाल्या. दोघंही मनापासून बोलत होते. पुस्तिका छापायला टाकायची तारीख जवळ आली होती.

यात एक व्यावहारिक अडचणही होती. संग्रहालय २००९ साली उघडलं, माग्रीतच्या कामाचा सगळ्यात मोठा संग्रह तिथेच आहे. पण सगळ्यांना ज्या चित्रासाठी जायचं होतं ते सफरचंदवालं ‘सन ऑफ मॅन’ तिथे नाही. ते खासगी मालकीचं आहे. हॅटवाल्या माणसांचा पाऊस पडावा तसं दिसणारं ‘गोल्कोंद’ अमेरिकेत ह्यूस्टनच्या मेनिल संग्रहात आहे, आणि ‘धोक्यात आलेला खुनी’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात. म्हणजे विषय ज्याचा, तोच घरी नाही, अशी गत.

समोर काय काय पर्याय होते

ताईंचा खर्डा तसाच ठेवणं सगळ्यात सोपं होतं. गोष्ट जबरदस्त आहे, ऐकणारा ती विसरत नाही, आणि चित्रांना एकदम अर्थ येतो. पण तिच्या मुळाशी गेल्यावर पाय डळमळतो. झग्याची हकीकत माग्रीतचा कवीमित्र लुई स्कुतनेर यानं लिहून ठेवल्यामुळे पसरली. माग्रीतच्या चित्रांची समग्र सूची तयार करणारे इंग्लिश समीक्षक डेव्हिड सिल्व्हेस्टर यांनी ती तपासली, आणि मुलानं ते दृश्य स्वतः पाहिलं याबद्दल त्यांनी गंभीर शंका घेतली. घरातल्या दाईच्या तोंडून ऐकलेलं चित्र मनात बसलं असावं, असा त्यांचा कल होता. आईचा मृत्यू खरा, नदी खरी, तारीख खरी. झगा मात्र तितक्या खात्रीचा नाही. शिवाय स्वतः माग्रीतला आपल्या चित्रांचा मनोविश्लेषणानं लावलेला अर्थ कधीच आवडला नाही.

आईची गोष्ट पूर्णपणे गाळावी, असाही एक प्रस्ताव होता. मुलांच्या दृष्टीनं तो निर्धोक. पण तीस माणसांपैकी निम्मी संध्याकाळपर्यंत फोनवर ती वाचणार, आणि मग आपण ती लपवली असं होणार. मला हा पर्याय पहिल्यापासून नको होता. आत्महत्येबद्दल आपल्या घरांत तसंही पुरेसं झाकून ठेवलेलं असतं.

तिसरा पर्याय विषयच बदलण्याचा. हॅटवाल्याला सोडायचं आणि ब्रसेल्समध्ये खरोखर भिंतीवर असलेली चित्रं घ्यायची: खाली रात्र आणि वर दिवस असलेलं १९५४ चं ‘प्रकाशाचं साम्राज्य’, ‘आर्नहाइमचं क्षेत्र’ आणि इतर काही. खरं सांगायचं तर संग्रहालयाच्या दृष्टीनं हाच शहाणपणाचा मार्ग होता. तो आम्ही सोडला, कारण लोकांच्या मनात आधीच घर करून बसलेला माणूस हॅटवाला होता, आणि प्रश्नही त्याच्याबद्दलच होते.

सरांनी सुचवलेला चौथा मार्ग असा: आधी नुसतं बघायचं, चित्रं सालांच्या क्रमानं लावून. हा माणूस कुठे येतो, कुठे येत नाही, काय करतो. चरित्र नंतर.

निर्णयाचा पहिला टप्पा : चित्रं सालवार मांडली तेव्हा

वाद तोंडी मिटणार नाही हे दिसल्यावर आम्ही तिघं एका संध्याकाळी माझ्या जेवणाच्या टेबलावर छापील चित्रं पसरून बसलो. पुढचे सगळे निर्णय त्या संध्याकाळवर अवलंबून राहिले, म्हणून ते जरा सविस्तर.

हॅटवाला पहिल्यांदा येतो १९२६ मध्ये, ‘एकाकी पादचाऱ्याची दिवास्वप्नं’ या चित्रात. अंधारलेली नदी, पूल, आणि पाठमोरा उभा असलेला ओव्हरकोट-हॅटमधला माणूस. त्याच्या मागे, म्हणजे आपल्या अगदी पुढ्यात, एक उघडं, टक्कल असलेलं, फिकट शरीर हवेत आडवं तरंगतंय.

ताईंनी त्यावर बोट ठेवलं. “आता सांगा. नदी आहे, प्रेत आहे. यात आई नाही, असं कोण म्हणेल?”

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “नाकारत नाही. पण चेहरा बघा, उघडा आहे. झाकलेला नाही. आणि ज्याच्याबद्दल आपण बोलतोय तो हॅटवाला तिकडे तोंड करून उभाय. त्याला हे दिसतच नाहीये. दिसतंय आपल्याला.”

दोघांचंही खरं होतं. त्या संध्याकाळी या चित्रावरच सगळ्यात जास्त वेळ गेला.

मग १९२७ चं ‘धोक्यात आलेला खुनी’. खोलीत पलंगावर मेलेली बाई, खुनी ग्रामोफोन ऐकत शांत उभा, खिडकीबाहेर तीन माणसांची डोकी. अलीकडे दाराच्या दोन्ही बाजूंना दोन हॅटवाले दबा धरून उभे. एकाच्या हातात दांडका, दुसऱ्याच्या हातात जाळं. हे दोघं आपल्याकडे तोंड करून आहेत आणि त्यांचे चेहरे सरळ दिसतात. त्या काळच्या फँटोमास या गुन्हेगाराच्या कथा आणि १९१३-१४ चे मूकपट माग्रीतला फार प्रिय होते. या चित्रावर त्यांची छाप उघड आहे. म्हणजे इथे हॅट आली ती बहुधा गुप्तहेराच्या डोक्यावरून.

आता १९२८ चं ‘प्रेमिक’. एक पुरुष आणि एक स्त्री चुंबन घेताहेत, दोघांची डोकी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. झग्याची गोष्ट सांगणारे सगळे हेच चित्र दाखवतात. ताईंच्या खर्ड्यातही ते होतंच. पण पुरुषाच्या डोक्यावर हॅट कुठे आहे? सूट आहे, टाय आहे, हॅट नाही. कापडानं डोकं झाकलेली माणसं हा एक गट, आणि तो मुख्यतः १९२७-२८ चा. बोलर हॅटवाला हा वेगळा गट.

पुढे तर मोठी फट पडते. १९३० च्या आणि ४० च्या दशकांत हॅटवाला फारसा दिसतच नाही. माग्रीत या काळात भरपूर काम करत होता. पिंजऱ्यातलं अंडं, खिडकीपुढचं कॅनव्हास, शेकोटीतून बाहेर येणारं रेल्वे इंजिन ही चित्रं याच वर्षांतली. युद्धकाळात त्यानं फ्रेंच चित्रकार रेनुआरसारख्या रंगांतही रंगवून पाहिलं. हॅटवाला नेटानं परत येतो तो पन्नाशीच्या दशकात: १९५३ ला ‘गोल्कोंद’, १९५५ ला तीन हॅटवाले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःची चंद्रकोर. आणि त्याचा चेहरा वस्तूनं झाकला जातो तो मुख्यतः साठीच्या दशकात. ‘सन ऑफ मॅन’ १९६४ चं. चेहऱ्यापुढून उडत जाणारा पांढरा पक्षी, तोही १९६४. माग्रीत तेव्हा पासष्टीत होता आणि आई जाऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली होती.

टेबलावर ही रांग लागल्यावर ‘म्हणूनच’ हा शब्द टिकणं अवघड झालं. एखादी जखम पन्नास वर्षांनी चित्रात उमटू शकते, हे ताईंनी सांगितलं आणि ते मान्यच आहे. पण कापडाची चित्रं, हॅटची चित्रं आणि सफरचंदाची चित्रं वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या घडणीची आहेत. त्यांना एकाच दोरीत ओवायचं तर मधली वीस-पंचवीस वर्षं गाळावी लागतात.

ताईंनी त्याच रात्री स्वतःहून ते वाक्य खोडलं. १९२६ च्या चित्राबद्दलचं मत मात्र त्यांनी सोडलं नाही.

निर्णयाचा दुसरा टप्पा : आईबद्दल सांगायचं कसं

सांगायचं, हे ठरलं. कधी आणि कोणत्या शब्दांत, यावर मुलीच्या आईशी सविस्तर बोलणं झालं. शेवटी असं ठरवलं: सगळ्या पालकांना आधीच निरोप पाठवायचा, की चित्रकाराच्या आईनं आत्महत्या केली होती आणि त्याचा उल्लेख होणार आहे. मुलांसमोर तो दोन साध्या वाक्यांत करायचा. मृतदेह, झगा वगैरे तपशील त्यांच्यासमोर नाहीत. त्या कथेच्या खरे-खोटेपणाची चर्चा फक्त मोठ्यांत, आणि तेवढा वेळ सर मुलांना दुसऱ्या टेबलावर चित्रं काढायला घेऊन बसतील.

पुस्तिकेत आईचा परिच्छेद शेवटून दुसऱ्या पानावर गेला. त्यात एक गोष्ट नव्यानं आली, जी पहिल्या खर्ड्यात नव्हती. लग्नाआधी रेजिना बायकांच्या हॅट बनवण्याचं काम करायची, आणि वडील कापडाच्या, शिवणकामाच्या धंद्यातले. मृत्यूपलीकडेही त्या घरात काहीतरी होतं: कापड होतं, टोप्या होत्या, माणूस नीट कपडे घालून बाहेर पडतो ही रीत होती. त्यातून हॅटवाला आला, असा दावा आम्ही केला नाही. पण ज्या आईचं नाव फक्त तिच्या मरणासाठी घेतलं जातं, तिच्या हाताला काही कसब होतं, एवढं तरी वाचणाऱ्याला कळावं, असं मला फार वाटत होतं.

प्रत्यक्ष दिवस

हॉलमध्ये सरांनी ‘सन ऑफ मॅन’ पडद्यावर लावलं आणि काही न सांगता मुलांना विचारलं, “यात चुकलंय काय?” सफरचंद, सफरचंद, असा गलका झाला. “सफरचंद सोडून.” मग शांतता. बऱ्याच वेळानं एक मुलगा उठून पडद्याजवळ गेला आणि त्यानं त्या माणसाच्या डाव्या हाताकडे, म्हणजे आपल्या उजवीकडच्या हाताकडे, बोट केलं. कोपर उलटं वळल्यासारखं दिसतं. हे एकदा दिसलं की पुन्हा ‘न दिसणं’ शक्य नसतं. आज्या-आजोबा खुर्च्यांवरून पुढे झुकले. मग कुणाला सफरचंदाच्या कडेवरून डोकावणारे डोळे दिसले. तो आपल्याकडे बघतोय, चेहरा पूर्ण झाकलेलाच नाही.

‘गोल्कोंद’वर वेगळंच घडलं. नाव वाचल्याबरोबर ज्येष्ठ मंडळी जागी झाली. नाव स्कुतनेरनं सुचवलेलं, आणि ते आपल्याच गोवळकोंड्याचं: युरोपात हिऱ्यांच्या अलोट संपत्तीसाठी गाजलेलं शहर. माग्रीतच्या मनातही ते भारतातलं एक श्रीमंत, जवळजवळ चमत्कारासारखं नगर होतं. माणसांनी आभाळातून वावरावं हा चमत्कार त्यानं त्या नावाशी जोडला. इथवर छान चाललं होतं. मग एका काकांनी कुतुबशहा काढला, दुसऱ्यांनी १६७७ ची शिवाजी महाराजांची भागानगरची भेट काढली, आणि बराच वेळ चित्र पडद्यावर तसंच राहिलं. गप्पा रंगल्या होत्या, थांबवणं जिवावर आलं. तरी थांबवायला हवं होतं, कारण या चित्राचा खरा ऐवज नावात नाही. माणसं पडताहेत, चढताहेत की टांगलेली आहेत, काही कळत नाही. कोटाची कडसुद्धा हलत नाही. आणि दुरून एकसारखी वाटणारी ही माणसं जवळून एक नाहीत. उजवीकडच्या धुराड्याजवळच्या माणसाला तर माग्रीतनं खुद्द स्कुतनेरचा चेहरा दिलाय.

मुलांना सरांनी काम दिलं होतं, हुबेहूब सारखी दोन माणसं शोधा. ते शोधता शोधता त्या दहा वर्षांच्या मुलीनं विचारलं, “पण सगळ्या चित्रांत हा तोच माणूस आहे का?”

आमच्यापैकी कुणीही हा प्रश्न स्वतःला विचारलेला नव्हता. आम्ही सगळे ‘तो’ म्हणत होतो. ताई ‘तो’ म्हणत होत्या तेव्हा त्यांच्या मनात माग्रीत होता, नदीकाठचा मुलगा मोठा होऊन उभा राहिलेला. सर ‘तो’ म्हणत होते तेव्हा त्यांच्या मनात एक आकार होता. पण चित्रं पाहिली तर १९२६ ला तो एक आहे, १९२७ ला दोन आहेत, १९५३ ला गर्दी आहे, आणि १९६४ ला माग्रीतनं आपलं आत्मचित्र म्हणून काढलेला एकटा माणूस आहे, मित्र आणि वकील हॅरी टॉर्कझिनर याच्या मागणीवरून. माग्रीतनं स्वतः एकदा सांगितलं होतं की बोलर हॅट ही काही विशेष वस्तू नाही, हॅटवाला म्हणजे आपल्या अनामिकतेत असलेला मध्यमवर्गीय माणूस. आपणही ती घालतो आणि आपल्याला उठून दिसायची हौस नाही, असंही तो म्हणाला. अनामिक म्हटल्यावर ‘तोच का’ या प्रश्नाला हो किंवा नाही, दोन्ही लागू पडत नाही. चरित्रातून उत्तर शोधताना आम्ही हे धरूनच चाललो होतो की त्या कोटात एक ठरावीक माणूस आहे आणि त्याला एक भूतकाळ आहे. मुलीनं ते गृहीतकच उचलून टेबलावर ठेवलं.

त्यानंतरची चर्चा तासभर चालली आणि ती दिवसभरातली सगळ्यात चांगली होती. एका आजींनी सांगितलं की त्यांचे यजमान रेल्वेत होते, आणि लोकलच्या फलाटावर पांढऱ्या शर्टांच्या गर्दीत त्यांना ते कधी पटकन सापडत नसत. ताईंनी यावर फार मोलाचं सांगितलं: गर्दीत मिसळून जाणं हे काही माणसांना भय वाटतं आणि काहींना आसरा वाटतो, आणि दुःख भोगलेल्या माणसाला आसराच जास्त वाटू शकतो. आईच्या गोष्टीचा इतका संयत उपयोग मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

दुपारी संग्रहालय. तिथे लिफ्टनं वर जायचं आणि सालवार एकेक मजला खाली उतरत यायचं, अशी रचना आहे. सकाळी सालांचा क्रम डोक्यात बसलेला असल्यामुळे लोकांना ती सोयीची गेली. तरी ‘सफरचंदवाला कुठाय’ हा प्रश्न आलाच, सकाळी दोनदा सांगूनही. काही जण नाराज झाले, विशेषतः एक आजोबा, ज्यांना त्याच्याशेजारी उभं राहून फोटो हवा होता.

झेटचं घर बघायला सगळे पोचले नाहीत. थकलेले घरी गेले. १३५, र्यू एस्सेगेम. १९३० ते १९५४ अशी चोवीस वर्षं माग्रीत आणि त्याची बायको जॉर्जेत इथे तळमजल्यावर राहिले, आणि त्याची जवळजवळ निम्मी चित्रं इथे झाली. वेगळा, मोठा, काचेच्या छताचा स्टुडिओ नाही. मागच्या बाजूच्या राहत्या खोलीत, सूट घालून, ईझलपुढे उभं राहून तो रंगवायचा. पोटासाठी जाहिरातींची कामं करायचा. सरांना ती खोली फार भावली. “एवढ्या जागेत?” एवढंच ते म्हणाले, आणि ईझलपासून भिंत किती लांब पडते ते पावलांनी मोजत राहिले. रस्त्यावर विटांची, एकाला एक चिकटलेली घरं. ‘गोल्कोंद’ १९५३ चं आहे, म्हणजे या पत्त्यावर राहत असतानाचं, हे तिथे उभं राहून सांगितलं तेव्हा कुणाला वेगळं समजवावं लागलं नाही.

निष्पत्ती

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती नंतर ताई आणि सरांनी मिळून केली. सर तोवर सांगलीला परतले होते, त्यामुळे फोनवरच. त्यात आईचा परिच्छेद राहिला, झग्याची कथा ‘अशी सांगितली जाते, पण तिच्याबद्दल शंका आहे’ असं म्हणून राहिली, आणि मुलीचा प्रश्न पहिल्या पानावर आला. निरोप आधी मिळाल्यामुळे पालकांपैकी कुणी तक्रार केली नाही. दोघांनी उलट सांगितलं की घरी जाताना गाडीत मुलांशी त्या विषयावर पहिल्यांदाच नीट बोलणं झालं.

वाद मिटला, असं म्हणता येणार नाही. ताईंचं अजूनही ठाम मत आहे की १९२६ चं चित्र नदीशिवाय समजत नाही. मला ते पटतं. सरांना निम्मं पटतं.

पुन्हा करायचं झालं तर

झेटचं घर आधी. सगळे ताजेतवाने असताना, सकाळी, दोन-तीन तुकड्या करून, कारण घर लहान आहे. माणूस कुठे उभं राहून काय रंगवत होता हे पाहून आलं की पडद्यावरची चित्रं जास्त बोलतील, असं मला वाटतं. संग्रहालयात काय नाही, हे तोंडी सांगण्यापेक्षा आमंत्रणाच्या निरोपातच मोठ्या अक्षरांत लिहायचं.

चित्रं कमी घ्यायची. आम्ही तीन चंद्रकोरीवाले, पडद्यातून कापलेली हॅटवाल्याची बाह्याकृती, चेहऱ्यापुढचा पाइप हे सगळं घाईघाईत दाखवलं आणि त्यातलं कुणाच्या फार लक्षात राहिलं नाही. चार चित्रं पुरे. गोवळकोंड्याच्या गप्पा हव्यातच, पण जेवणाच्या वेळी.

आणि सगळ्यात मोठा बदल १९२६ च्या चित्राबाबत. चरित्राच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे, आणि त्या दिवशी तो शेवटी, लोक दमल्यावर, आईच्या परिच्छेदाबरोबर दाखवला गेला. त्यामुळे ताईंची बाजू होती त्याहून कमजोर दिसली, आणि सरांनाही नंतर ते खटकलं. बघणं आधी, चरित्र नंतर, हा क्रम मी बदलणार नाही. पण बघण्याच्या त्या पहिल्या तासातच हे चित्र असायला हवं, कसलीही गोष्ट न सांगता: नदी, पूल, पाठमोरा माणूस, आडवं शरीर. मुलं काय म्हणतात ते ऐकायचं. यंदाच्या उन्हाळ्यासाठी नवीन कुटुंबांनी विचारणा केली आहे आणि ताईंनी या पहिल्या तासाची जबाबदारी स्वतःकडे मागून घेतली आहे.